चौदाव्या खणातली कार्डं

माणसाला बायकोबद्दल विचारा, नोकरीबद्दल विचारा, तो आधी चार बरे शब्द बोलेल आणि मग गाऱ्हाण्याकडे वळेल. मोटरसायकलबद्दल मात्र असला शिष्टाचार नाही. तुमच्या गाडीत तुम्हाला काय आवडत नाही, एवढं विचारायचा अवकाश, की मुका माणूससुद्धा बोलायला लागतो. सरला हर्डीकर हे छातीठोकपणे सांगू शकत होती, कारण सहा वर्षं तिचं पोट याच प्रश्नावर चाललं होतं.

नोएडाच्या एका सेक्टरात मोटरसायकलींचा कारखाना होता. 'सारंग' नावाची गाडी तिथे तयार होई. बाजार नुकताच उघडला होता. जे गिऱ्हाईक पूर्वी स्कूटरचा नंबर लागायची आठ-आठ वर्षं वाट बघायचं, त्याचे आता लाड सुरू झाले होते. त्या लाडांपैकीच एक म्हणजे गाडीच्या पुस्तकात घातलेलं पोस्टकार्ड. टपालखर्च कंपनीचा. कार्डावर हिंदीत एकच प्रश्न छापलेला, "आपको अपनी मोटरसाइकिल में क्या पसंद नहीं?" आणि त्याखाली सहा रेघा.

त्या सहा रेघांत लोक काय काय कोंबत. बुलंदशहरचा दूधवाला लिही, कॅन टांगायला हुक नाही. मेरठचा मास्तर लिही, हॉर्न वाजवला की मुलं हसतात, शेळी ओरडल्यासारखा येतो. कुणाच्या बायकोची पोटरी सायलेन्सरला भाजलेली असे, कुणाच्या नडगीवर किक उलटून आपटलेली असे. आरशात रस्ता दिसत नाही, आपलंच कोपर दिसतं, ही तक्रार तर शेकड्यांनी. पेट्रोलचा काटा खोटारडा आहे. सीट आखूड आहे, तिघं बसत नाहीत. एकाने लिहिलं होतं की गाडीत दोष काही नाही, फक्त सासऱ्याने लाल दिली आणि मला काळी हवी होती. ते कार्ड सरलाने घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, तेव्हा तिचे सासरे विष्णुपंत ठसका लागेपर्यंत हसले होते.

सरलाच्या टेबलामागे वीस खणांचं लाकडी कपाट होतं. आलेलं कार्ड वाचायचं, कोपऱ्यात पेन्सिलीने खणाचा आकडा टाकायचा, कार्ड त्या त्या खणात ठेवायचं आणि महिन्याच्या शेवटी कुठल्या खणात किती कार्डं आली याचा तक्ता करून सही ठोकायची. काम बैठं होतं, अब्रूचं होतं आणि ते तिला मिळालं होतं हिंदीच्या जोरावर. कराडच्या मुलीला दिल्लीकडे हिंदीच्या जोरावर नोकरी लागावी, याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. शाळेत असताना तिने राष्ट्रभाषेच्या सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात काढल्या होत्या. लग्न होऊन ती तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली, तेव्हा शेजारच्या बायका तिचं हिंदी ऐकून म्हणत, बहूजी तो रेडियो जैसा बोलती हैं. बायका टोमणा मारत होत्या, पण सरलाला ते कौतुक वाटलं.

चूक झाली ती या अभिमानापोटी. माणूस परक्या शब्दाला अडतो, कुणाला तरी विचारतो. जो शब्द ओळखीचा वाटतो तिथे कशाला विचारेल?

पंचाण्णव सालच्या पावसाळ्यानंतर एका तक्रारीची कार्डं येऊ लागली. "चढ़ाई पर गियर खाली हो जाता है." "तीसरे से दूसरा डालो तो खाली चला जाता है, इंजन चिल्लाता है." सरलाला सीट खाली म्हणजे रिकामी सीट हे का ठाऊक नव्हतं? आठ वर्षं दिल्लीच्या बसमधून हिंडलेली बाई ती. डबा खाली, सिलिंडर खाली, हे सगळं तिला येत होतं. पण गिअर कसा रिकामा असेल? गिअर काय डबा आहे? गिअर वर जातो आणि खाली जातो, हे तिने नवऱ्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. तेव्हा डोक्यातलं राष्ट्रभाषेचं पुस्तक गुपचूप मिटलं आणि कराडची मराठी पुढे झाली. खाली म्हणजे खाली. गिअर खालच्या नंबरावर उतरतो, अशी या लोकांची तक्रार आहे, असं तिने धरलं.

तरी ती विचारायला गेली, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. तक्रार विभागाचे इंजिनिअर भाटियासाहेब फोनवर होते. ती दारातूनच म्हणाली, "सर, कुछ लोग लिखते हैं कि चढ़ाई पर गियर नीचे आ जाता है. इसको किस खाने में डालूँ?"

खाली शब्दाचं नीचे तिने स्वतःच करून टाकलं होतं. भाटियांनी फोनवर हात ठेवला. "गियर अपने आप नीचे थोड़े ही आता है, मॅडम. लीवर पर पैर रखकर बैठते हैं लोग. फिर इंजन चिल्लाएगा नहीं तो क्या गाएगा? राइडर की आदत है. चौदह में डाल दो."

चौदावा खण चालकाच्या सवयींचा होता. त्यातल्या कार्डांना उत्तर जात नसे, कारण खोट गाडीत नसून माणसात आहे असं कंपनीने ठरवलेलं असे. भाटियांनी एक कार्ड, फक्त एक, हातात घेऊन वाचलं असतं तर त्यांना जन्माने कळणारा तो शब्द कळला असता. पण साहेब लोक कार्डं वाचत नाहीत, तक्ते वाचतात. सरलाने पेन्सिलीने १४ लिहायला सुरुवात केली. दोन वर्षांत त्या खणात दोनशेच्या वर कार्डं गेली आणि तिने प्रत्येक महिन्याला सही केली.

कंपनीच्या नोकरांना सवलतीत गाडी मिळे, म्हणून सत्त्याण्णव साली हर्डीकरांच्या दारातही सारंग आली. तोवर हे कुटुंब तिमारपूर सोडून नोएडातल्या फ्लॅटमध्ये राहायला आलं होतं. विष्णुपंत केंद्र सरकारात हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. त्यांना ती नवी वस्ती कधी मानवली नाही. "सेक्टरला नाव नाही, नुसता नंबर," ते म्हणत. "कैद्याला असतो तसा." डोळ्यांच्या तपासणीला ते हट्टाने यमुना ओलांडून पार हिंदूरावच्या इस्पितळात जात. नोएडात डॉक्टर नव्हते असं नाही. पण हिंदूराव ग्वाल्हेरहून आलेला, म्हणजे आपला माणूस, असं त्यांचं गणित. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या आपल्या माणसाच्या नावाच्या टेकडीवर गेल्याशिवाय त्यांना बरं वाटत नसे.

सरलाचा नवरा श्याम सरकारी खात्यात नकाशे काढायचा. दिल्लीतच वाढलेला, अबोल, हाताने रेघ सरळ काढणारा आणि गाडीही तशीच सरळ चालवणारा. त्याची मराठी घरातली, कामापुरती. अडलं की हिंदी शब्द टाकून तो वाक्य पुरं करी आणि आपण भाषा बदलली हे त्याच्या गावीही नसे. गाडी घेऊन दोन महिने झाले तेव्हा एका संध्याकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "सरला, तुझ्या ऑफिसात एक प्रॉब्लेम सांग यार. चढावर तिसऱ्यावरनं दुसरा टाकला की गाडी कधीकधी खाली होते."

"होणारच ना," सरला म्हणाली. "दुसरा म्हणजे खालचाच. तुम्ही पाय लीव्हरवर ठेवून बसत असाल. सगळे तसंच करतात."

"मी? पाय ठेवून?"

"माणसाचं त्याला कळत नाही हो. सवय असते. आमच्याकडे ढीगभर कार्डं येतात असली."

श्यामने थोडा विचार केला. बायको कंपनीत, तिच्याकडे ढीगभर कार्डं, आणि आपण तर बापजन्मात कधी इंजिन उघडून बघितलेलं नाही. "असेल बुवा," तो म्हणाला. तरी त्याने पुस्तकातलं कार्ड काढलं, नकाशाच्या खाली लिहितात तसल्या सुबक अक्षरात हिंदीतून तक्रार लिहिली आणि तिच्या पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सरलाने नवऱ्याच्या कार्डावर १४ लिहून ते खणात टाकलं. टाकताना तिला हसू आलं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत, एका शनिवारी सकाळी, धुकं विरल्यावर श्याम वडिलांना घेऊन निघाला. सरलाच्या सासूबाईंनी, कुमुदिनीबाईंनी, नवऱ्याच्या कानांना मफलर गुंडाळला, वर आणखी गाठ मारली. मलकागंजच्या बाजूने टेकडीवर जो चढ लागतो, तिथे श्यामने तिसऱ्यावरून दुसरा टाकला. इंजिन जोरात ओरडलं आणि चाकातला जीव गेला. गाडी क्षणभर जागीच थांबली, मागे सरकली, कलंडली. विष्णुपंत मागच्या बाजूला पडले. मागून पाण्याचा टँकर येत होता.

इस्पितळ दोनशे पावलांवर होतं. तिथवर त्यांना न्यायचा उपयोग नव्हता.

चार दिवसांनी, गळ्यात हात अडकवलेला श्याम चौकीत जबाब द्यायला गेला. सरला बरोबर होती. हवालदार म्हातारा होता, सावकाश लिहीत होता. श्याम म्हणाला, "मैंने दूसरा डाला जी, और गाड़ी खाली हो गई."

"खाली मतलब न्यूट्रल?"

"हाँ जी. न्यूट्रल. गियर में डाली थी, अपने आप खाली."

"हूँ," हवालदार म्हणाला आणि त्याने लिहिलं. त्याला तो शब्द पुन्हा विचारावा लागला नाही.

सरला बाकावर बसली होती. तिला काही क्षण नुसतं पेन कागदावर घासल्याचं ऐकू येत होतं. खाली म्हणजे रिकामा. गिअर रिकामा जातो, इंजिन ओरडतं आणि चाक फिरत नाही. दोनशे माणसांनी तिला हे लिहून कळवलं होतं. तिच्या नवऱ्याने समोर बसून, चहाचा कप हातात धरून सांगितलं होतं, आणि तिने त्याला सांगितलं की तुमचा पाय चुकतो.

दुसऱ्या दिवशी तिने चौदावा खण टेबलावर ओतला. एकेक कार्ड वाचलं. मग ते सगळे गठ्ठे घेऊन ती भाटियांच्या खोलीत गेली आणि या वेळी दारात उभी राहिली नाही. भाटियांनी पाच-सहा कार्डं वाचली. त्यांचा चेहरा उतरला, हे खरं. पण उतरलेला चेहरा सावरायला साहेब लोकांना वेळ लागत नाही.

"आपने तो कहा था, नीचे आता है," ते म्हणाले.

"मैंने गलत समझा, सर."

"हूँ. और हर महीने के चार्ट पर दस्तखत?"

"मेरे हैं."

भाटियांनी उठून खोलीचं दार लोटलं. मग आवाज खाली आणून, अगदी मायेने म्हणाले, "घर में मालूम है?"

सरलाने मान हलवून नाही म्हटलं. "तो मत बताइए," ते म्हणाले. "जो चला गया, वो तो लौटेगा नहीं. आपका घर क्यों टूटे?" आणि गठ्ठे त्यांनी आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. या माणसाने तिला धमकी दिली असती तर ती कदाचित चवताळून उठली असती. त्याने दया दाखवली, आणि दयेपुढे ती गप्प बसली. गप्प बसायचं तिच्याही मनात होतंच, हे तिला नंतर फार वेळा आठवलं.

एक कार्ड मात्र तिने आधीच पर्समध्ये टाकलं होतं, श्यामचं. ते घेऊन ती घरी न जाता दिल्लीकडे जाणाऱ्या बसमध्ये चढली. निजामुद्दीनच्या पुलावर बस अडकली. शेजारच्या बाईने खिडकीतून निर्माल्याची पिशवी यमुनेत टाकली आणि हात जोडले. सरलाने पर्समधून कार्ड काढलं. ते सुबक अक्षर तिने पुन्हा एकदा वाचलं. घरी श्यामच्या हाती ते लागलं तर? कोपऱ्यातला तो १४ त्याने ओळखला तर? तिने कार्ड खिडकीतून सोडून दिलं. ते पाण्यात पडलं की कठड्याला अडकलं, हे बघायच्या आत बस सुटली. शेजारच्या बाईला वाटलं, हीसुद्धा देवाचंच काही टाकते आहे.

महिनाभराने श्यामने कंपनीला पत्र लिहिलं. त्यात मागणी काहीच नव्हती. मला भरपाई नको, एवढंच कळवा, चूक गाडीची होती की माझी? असं ते पत्र होतं. भाटियांनी उत्तर सांगितलं आणि हिंदी टंकलेखन हे सरलाचंच काम असल्याने तिनेच ते टंकलं. आमच्या अभिलेखात गाडीच्या अशा दोषाची एकही तक्रार नोंदलेली नाही. असे प्रसंग सामान्यतः चालकाच्या सवयीमुळे घडतात. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तिची एका अक्षराचीही चूक झाली नाही. तीन दिवसांनी पोस्टमनने ते घरी आणलं, तेव्हा दारही तिनेच उघडलं.

श्यामने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि वडिलांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. "माझाच पाय," तो म्हणाला. त्यानंतर त्याने कुठल्याही गाडीला हात लावला नाही. त्याच वर्षी दिवाळीत सारंगची नवी आवृत्ती निघाली आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सुधारित गिअरबॉक्स. सरलाची नोकरी कायम झाली. दोष सापडला होता, दुरुस्तही झाला होता. फक्त तो होता असं कुणी म्हणायचं नव्हतं.

कुमुदिनीबाईंनी मुलाला कधी बोल लावला नाही. त्यांनी फक्त त्याच्याशी सरळ बोलणं सोडलं. "सरला, श्यामला सांग पानं घेतली आहेत." नाहीतर नातीला, "कृतिका, बाबाला विचार फोन कुणाचा होता." तो समोर बसलेला असायचा. नऊ वर्षं त्या घरात आईचा शब्द मुलापर्यंत दुसऱ्याच्या तोंडून पोचत होता, आणि बहुतेक वेळा ते तोंड सरलाचं होतं. यापेक्षा शिव्या बऱ्या, असं तिला वाटे. शिव्या देताना माणूस निदान समोरच्याकडे बघतो.

बोलावं असं तिला अनेकदा वाटलं. श्याम जेवताना मान वर करीत नसे, तेव्हा वाटलं. वर्षश्राद्धाला तो भटजींसमोर बसून रडला, तेव्हा वाटलं. पण प्रत्येक वेळी जीभ उचलायच्या आधी तिला आपलं रिकामं पडलेलं घर दिसे. मग ती उठून स्वयंपाकघरात जाई आणि त्याला आवडतं म्हणून काहीतरी तळायला घेई.

बदल एकच झाला. मुलगी कृतिका दिल्लीची, तिच्या मराठीत हिंदीचा सुळसुळाट. "आई, बाटली खाली झाली," ती म्हणे, आणि सरला फणा काढी. "रिकामी. रिकामी म्हण. या घरात परत तो शब्द त्या अर्थाने बोलायचा नाही." पोर घाबरून रिकामी म्हणे. एकदा या शब्दापायी तिने कृतिकाच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. ही ख्याती पसरत पसरत नोएडातल्या मराठी मंडळापर्यंत गेली. परमुलखात राहून घरात शुद्ध मराठी जपल्याबद्दल मंडळाने दोन हजार पाच साली सौ. सरला हर्डीकर यांचा शालश्रीफळ देऊन सत्कार केला. सत्काराला उत्तर द्यायला ती उभी राहिली, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, बाई भारावल्या.

दोन हजार सात साली कृतिका अठराची झाली. तिचं कॉलेज लांब होतं आणि मैत्रिणी स्कूटीवर येत. एका रविवारी सकाळी तिने बाबांपुढे विषय काढला.

"आपल्या घरात कुणी गाडी चालवायची नाही," श्याम म्हणाला.

"बाबा, मी नीट शिकेन. बिल्कुल फास्ट नाही चालवणार."

"फास्टचा प्रश्न नाही, बेटा. माझ्या पायात खोट आहे. ती तुझ्या पायातही असणार. मी माझ्या बापाला मारलं, तू कुणाला तरी मारशील."

एवढं वाक्य त्याने पेपरची घडी घालता घालता म्हटलं. कृतिका पांढरीफटक पडली. तिने आपल्या पायांकडे बघितलं. खरोखरच बघितलं, तिथे काही दिसतंय का म्हणून. आणि सरलाच्या ध्यानात आलं की आपण जे नऊ वर्षं सांभाळून ठेवलं ते आता पोरीच्या पायात उतरतंय. तिने कृतिकाला आजीच्या खोलीत पाठवलं, दार लावून घेतलं आणि नवऱ्यासमोर खाली जमिनीवर बसली.

"अहो, तुमच्या पायात खोट नाही," ती म्हणाली. "गाडीत होती. मला माहीत होतं."

मग तिने सगळं सांगितलं. कुठेही स्वतःला सवलत दिली नाही. खाली शब्द, भाटिया, चौदावा खण, महिन्याच्या सह्या. चौकीतला बाक. ते पत्र मीच टाइप केलं, हेसुद्धा सांगितलं. सांगून झालं तेव्हा तिला हलकं वाटलं. आता याने हात उगारावा, घराबाहेर काढावं, काहीही करावं. तिची सगळ्याला तयारी होती.

श्याम ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले होते. "आणि माझं कार्ड?" त्याने विचारलं. "मी लिहिलेलं?"

"होतं माझ्याजवळ. मी यमुनेत टाकलं."

श्याम हसला. नऊ वर्षांत तो असा हसला नव्हता. त्याने तिचा हात हातात घेतला.

"सरला, पुरे आता," तो म्हणाला. "पोरीला स्कूटी मिळावी म्हणून, माझं दुःख जावं म्हणून तू एवढं रचलंस. पण कंपनीच्या पत्रावर शिक्का आहे गं. आणि तूच मला तेव्हा सांगितलं होतंस, पाय लीव्हरवर असेल म्हणून. मी ऐकलं नाही."

"अहो, खरं सांगते. कृतिकाची शपथ."

"शपथ नको घेऊस. तू म्हणतेस तसं असतं, तर तू नऊ वर्षं माझ्यासमोर बसून जेवली असतीस? माझ्या ताटात वाढलं असतंस? आईचे निरोप मला आणून दिले असतेस?" त्याने मान हलवली. "तुला जमलंच नसतं. मी ओळखतो तुला."

ती रडू लागली. तिने भाटियांचं नाव पुन्हा सांगितलं, पण कारखाना केव्हाच दुसऱ्या कुणीतरी घेतला होता आणि भाटिया मुलाकडे कॅनडाला गेले होते. तिने कार्डांतली वाक्यं म्हणून दाखवली. ती जितकं सांगत होती तितकं श्यामला भरून येत होतं. कुणी आपल्यासाठी एवढा मोठा गुन्हा अंगावर घेईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

दार उघडून तो बाहेर गेला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा आईच्या पलंगावर जाऊन बसला. त्याने तिला सगळी हकीकत सांगितली. सरलाने काय सांगितलं आणि का सांगितलं, ते त्याला समजलं होतं तसं. कुमुदिनीबाईंनी उशाशी जपलेला नवऱ्याचा मफलर बाजूला ठेवला. मग त्यांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "श्याम, स्कूटीचं काही बोलू नकोस. कृतिका बसने जाईल." त्या त्याच्याशी थेट बोलल्या होत्या.

सरला दारात उभी होती. म्हातारीने तिला जवळ बोलावलं, बसवलं आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"माझ्या लेकासाठी एवढं सख्ख्या बहिणीनेही केलं नसतं," त्या म्हणाल्या. "देवमाणूस आहेस गं तू."

"आई, ते खरं आहे," सरला म्हणाली. "मी सांगितलं ते सगळं खरं आहे."

"असू दे," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "असू दे हो."

कृतिका कोपऱ्यातून आईकडे बघत होती आणि तिच्या नजरेत कौतुक मावत नव्हतं. सरलाने मान खाली घातली.